घरातील रोपवाटिका : आधी दिवे, मग मांडणी

ज्या प्रदेशात वर्षाचे आठ महिने ऊन पुरून उरते, तेथे भाजीची रोपे घराच्या आत, विजेच्या दिव्यांखाली वाढवावीत ही सूचना प्रथमदर्शनी अनाठायी वाटण्याजोगी आहे. आणि ज्यांच्या वाट्याला अंगण, परसू किंवा मोकळी गच्ची आली आहे त्यांच्यापुरती ती अनाठायीच आहे. परंतु मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत सदनिकेच्या एकुलत्या एका गॅलरीवर बागेची सारी हौस भागवणाऱ्या कुटुंबाची अडचण निराळी आहे. हिवाळ्यात घरचे टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी आणि कोबी ताटात यावीत अशी इच्छा असेल, तर त्यांचे बी साधारणतः ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरले गेले पाहिजे, म्हणजे पाऊस ओसरण्याच्या सुमारास चार ते सहा आठवड्यांची रोपे कुंडीत लावता येतात. आणि नेमक्या याच दिवसांत आभाळ झाकलेले असते, गॅलरीवर वरच्या मजल्याचे छत असते, आणि जो थोडका उजेड तिरपा आत येतो त्याच्याबरोबर झडही आत येऊन कप्प्यांतले बारीक बी उधळून टाकते. अशा उजेडात बी रुजते खरे, पण रुजल्यानंतर आठ दिवसांत रोप दोऱ्यासारखे लांब, फिकट आणि खिडकीकडे मान वळवलेले दिसू लागते. असे किडकिडीत रोप पुढे कितीही खत घातले तरी क्वचितच सावरते. या पाच-सहा आठवड्यांची तजवीज करण्यापुरता दिवे आणि मांडणी यांचा विचार येथे करावयाचा आहे.

बहुतेक लोक या कामाची सुरुवात मांडणीपासून करतात, आणि माझ्या मते घोटाळ्याचे मूळ तेथेच असते. बाजारात जो तयार रॅक स्वस्त व देखणा दिसला तो घरी येतो, मग त्यात बसतील ते ट्रे शोधले जातात, आणि सर्वांत शेवटी उरलेल्या जागेत व उरलेल्या पैशांत दिव्यांची वर्णी लागते. वास्तविक हा क्रम नेमका उलटा हवा. रोपाला मांडणीशी काही कर्तव्य नाही. त्याला उजेड हवा आहे, आणि तो पानाच्या अगदी निकट हवा आहे. म्हणून प्रथम दिवा ठरवावा, दिव्याच्या लांबीवरून व उजेडाच्या मापावरून ट्रे किती मावतील ते ठरवावे, आणि या दोहोंना सामावून घेईल अशी मांडणी शेवटी करवून घ्यावी.

उजेडाच्या बाबतीत आपली नजर हा फार अविश्वासू साक्षीदार आहे. बुबुळ आपोआप आकुंचन-प्रसरण पावत असल्यामुळे दिवाणखान्यातील ट्यूबलाइटचा उजेड आणि गॅलरीतील ढगाळ दुपार यांतील अंतर आपल्याला दुपटी-तिपटीचे वाटते. प्रत्यक्षात ते कितीतरी पटींचे असते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हाचे माप सुमारे १,००,००० लक्स भरते. पावसाळी आभाळाखाली, पण उघड्या जागेत, ते दहा-वीस हजारांवर येते. छताखालच्या गॅलरीत त्याचाही लहानसा अंश उरतो. आणि रात्रीच्या वेळी दिवा लावलेल्या आपल्या खोलीत, जेथे आपण विनासायास वाचन करतो, तेथे दोन-तीनशे लक्स असले तरी पुष्कळ झाले. टोमॅटो-मिरचीच्या कोवळ्या रोपाला दिवसाचे चौदा ते सोळा तास निदान दहा ते पंधरा हजार लक्स मिळावेत, असा सर्वसाधारण हिशेब आहे. मोबाइलवर लक्स मोजण्याची सोय आता विनामूल्य मिळते. ती अचूक नसली तरी अंदाजासाठी पुरेशी आहे, आणि ट्रेच्या पृष्ठभागावर मोबाइल उताणा ठेवून घेतलेले एक माप दुकानदाराच्या दहा आश्वासनांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता रंगाचा प्रश्न. ‘ग्रो लाइट’ या नावाने जांभळट-गुलाबी उजेड देणारे दिवे सर्रास विकले जातात, आणि त्यामागचा युक्तिवाद असा की हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते, हिरवा परत फेकते. सबब हिरवा प्रकाश देणे म्हणजे विजेचा अपव्यय. हा युक्तिवाद परीक्षानळीतल्या हरितद्रव्याला लागू पडतो, जिवंत पानाला नाही. मॅक्री या संशोधकाने १९७२ साली बावीस जातींच्या पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांत असे स्पष्ट दिसले की, ४०० ते ७०० नॅनोमीटर या संपूर्ण पट्ट्यातील प्रकाश, हिरवासुद्धा, पान बऱ्यापैकी उपयोगात आणते. साधा पांढरा एलईडी मुळात निळा दिवाच असतो. त्यावरील पिवळसर लेप त्या निळ्याचा काही भाग हिरव्या-तांबड्यात रूपांतरित करतो आणि काही निळा तसाच बाहेर पडू देतो. हा उरलेला निळा अंश रोपाचे खोड आखूड व दणकट ठेवण्यास मदत करतो. तात्पर्य, खोक्यावर ‘६५०० के’ किंवा ‘कूल डेलाइट’ असे छापलेली, घरोघरी छताला लागते तीच एलईडी पट्टी रोपांना उत्तम चालते. शिवाय जांभळ्या उजेडात पानांचा खरा रंग दिसत नाही, म्हणजे पान पिवळे पडते आहे की काय, खाली मावा बसला आहे की काय, हे ओळखता येत नाही. रोपांची देखभाल करू पाहणाऱ्याला ही उणीव थोडीथोडकी नव्हे. जे ग्रो लाइट पांढऱ्या उजेडाचे व नामांकित कारखान्याचे आहेत ते वाईट नाहीत. परंतु एका छोट्या रोपवाटिकेसाठी तेवढी किंमत मोजण्याचे मला कारण दिसत नाही.

खरेदी करताना वॅटवर नजर ठेवू नये, ल्युमेनवर ठेवावी. काही विक्रेते ‘१००० वॅट’ असे ठळक छापतात आणि बारीक अक्षरांत ‘तुल्य’ असे जोडतात. प्रत्यक्ष वीज किती ओढली जाते आणि उजेड किती पडतो हे दोन आकडे जेथे लिहिलेले नाहीत तो माल घेऊ नये. चार फुटी, २० वॅटची चांगली एलईडी पट्टी सुमारे २,००० ल्युमेन देते. एक ल्युमेन उजेड एक चौरस मीटरवर पसरला की एक लक्स होतो, म्हणून हिशेब अगदी सोपा आहे. चार फूट लांब व एक फूट रुंद फळी म्हणजे चार चौरस फूट, अर्थात ०.३७ चौरस मीटर. तीवर एकच पट्टी टांगली तर सगळाच्या सगळा उजेड फळीवर पडला असे धरूनही साडेपाच हजारांच्या आसपास लक्स मिळतील, आणि उजेडाचा तिसरा हिस्सा तरी इकडेतिकडे वाया जातोच. दोन पट्ट्यांनी काम भागते न भागते. तीन पट्ट्या चार-चार इंचांच्या अंतराने बसवल्या म्हणजे वाया जाणारा भाग वजा करूनही दहा हजारांचा टप्पा गाठता येतो. म्हणजे दर चौरस फुटाला प्रत्यक्ष वापराचे १५ वॅट, हे प्रमाण लक्षात ठेवले तरी पुरे. तीन पट्ट्या १५ तास जळल्या तर दिवसाला ०.९ युनिट वीज लागते. पाच आठवड्यांच्या संपूर्ण हंगामाला ३१-३२ युनिट. खर्चाची बाब म्हणून ही रक्कम घाबरण्याजोगी नाही, आणि म्हणूनच एक पट्टी कमी लावून काटकसर करू नये.

घरात जुन्या ट्यूबलाइट पडून असतील तर त्याही चालतात. मात्र त्यांचा उजेड वयाबरोबर घटत जातो, आणि फुटल्यास आतील पारा ओल्या मातीत मिसळतो, म्हणून नव्याने विकत घ्यायच्या असतील तर एलईडीच घ्याव्यात. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

दिवा निश्चित झाला की ट्रेचे माप घ्यावे. आपल्याकडे रोपवाटिकांत जो ९८ कप्प्यांचा काळा प्रो-ट्रे वापरतात, तो साधारण पावणेदोन फूट लांब आणि अकरा इंच रुंद असतो. चार फूट लांबीच्या फळीवर असे दोन ट्रे लांबीत एकापुढे एक बसतात, आणि फळीची रुंदी बारा इंच असली तर जागा जवळपास वाया जात नाही. आता बाजारात सहजी मिळणारा अँगलचा तयार रॅक बहुधा तीन फुटी असतो. त्यात चार फुटी पट्टी एक फूट बाहेर डोकावते, दोन फुटी लावली तर एक फूट अंधारात राहतो, आणि ट्रेही लांबीत एकच बसून पंधरा इंच रिकामे उरतात. अशा रीतीने तीन फुटी रॅक दोन्ही बाजूंनी गैरसोयीचा ठरतो. रुंदीच्या बाबतीत अठरा इंच हे माप असेच फसवे आहे : लांबीत ठेवलेल्या एका ओळीशेजारी सात इंच मोकळे राहतात, आणि ट्रे आडवे ठेवावे तर तीन इंच बाहेर लोंबतात. म्हणून अँगलच्या दुकानात जाऊन ‘फळी चार फूट बाय बारा इंच’ अशी स्पष्ट मागणी करावी. बहुतेक ठिकाणी अशा फळ्या मिळतात, नसल्यास कारागीर कापून देतात. जागा मुबलक असेल व अधिक रोपे हवी असतील तर एकदम चोवीस इंच रुंदी घ्यावी, म्हणजे चार ट्रे आडवे बसतात. मात्र मग पट्ट्याही सहा लागतील हे विसरू नये.

पुष्कळ मराठी घरांतून स्टीलची जुनी भांड्यांची मांडणी, स्वयंपाकघराला नवी कपाटे आली तेव्हापासून, माळ्यावर किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात पडून आहे. तिला ओलाव्याचे भय नाही, ती भक्कम असते, आणि दोन फुटी, दहा वॅटच्या तीन पट्ट्या तिच्या एका खणाखाली नीट बसतात. एकच ट्रे पुरेसा असलेल्या कुटुंबाने नवा खर्च करण्यापूर्वी टेप घेऊन ही मांडणी मोजून पाहावी. खणाची खोली अकरा इंचांपेक्षा कमी असल्यास तळाशी पत्र्याचा रुंद तुकडा टाकून ट्रेला आधार देता येतो.

जिन्नस कोणता निवडावा याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. भुशाच्या दाबीव फळ्यांचे तयार फर्निचर पावसाळ्यातील दमट हवेत व रोजच्या शिंपणात फुगून एका हंगामात निकामी होते. ते या कामी वर्ज्य समजावे. रंग भाजून बसवलेला लोखंडी अँगल सर्वांत किफायतशीर, परंतु कापलेल्या टोकांना रंगाचा हात द्यावा, नाहीतर गंज तेथूनच शिरतो. भिजलेल्या ट्रेचे वजन फळीला जड नसते. खरा धोका रॅक डुलण्याचा असतो, आणि घरात लहान मूल असेल तर रॅकचा वरचा भाग भिंतीला पट्टीने जखडून टाकणे हे कर्तव्यच मानावे.

दोन फळ्यांमधील अंतर पंधरा ते अठरा इंच ठेवावे. ट्रे आणि त्याखालील पाण्याची परात मिळून तीन इंच, रोपाची वाढ सहा इंच, पानाच्या शेंड्यापासून दिव्यापर्यंत चार ते सहा इंच आणि पट्टीची स्वतःची जाडी, असा तो हिशेब जमतो. दिवा वर-खाली करता आला पाहिजे, हा नियम मात्र काटेकोरपणे पाळावा. एका लांब आडव्या पट्टीपासूनचे अंतर दुप्पट झाले की पानावरचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून छताच्या दिव्याखाली ठेवलेला ट्रे आणि पाच इंचांवर टांगलेल्या पट्ट्यांखालचा ट्रे यांची तुलनाच होऊ शकत नाही. तिन्ही पट्ट्या एका ॲल्युमिनियमच्या किंवा लाकडी चौकटीवर बसवून ती चौकट दोन बारीक साखळ्यांनी वरच्या फळीला टांगावी आणि साखळीची कडी आकड्यात अडकवावी, म्हणजे रोप वाढेल तशी एकेक कडी सोडून चौकट वर घेता येते. इतकी खटपट नको असेल तर दिवे स्थिर ठेवून ट्रेखाली विटा रचाव्यात आणि रोपे वाढतील तशा त्या काढून घ्याव्यात. हा मार्ग तितकाच चांगला आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांशी उजेड कमी पडतो, यास्तव दर दोन-तीन दिवसांनी ट्रे फिरवून ठेवावेत. रॅकच्या मागच्या व बाजूच्या अंगांना पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोल लावल्यास वाया जाणारा बराच उजेड परत मिळतो. चकचकीत चांदीचा कागद यासाठी आवश्यक नाही. साधा पांढरा रंग हे काम चोख बजावतो.

वीज आणि पाणी एकाच मांडणीवर नांदणार असल्यामुळे बंदोबस्त आधीच करावा. पट्ट्यांच्या वरची फळी सलग पत्र्याची असावी, जाळीची नसावी, म्हणजे वरच्या ट्रेमधून निथळणारे पाणी खालच्या दिव्यावर पडणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर लोळू न देता रॅकच्या बाजूला उंचावर स्क्रूने बसवावा. दिव्याकडून येणारी वायर बोर्डापाशी पोहोचण्यापूर्वी थोडी खाली लोंबती ठेवावी, जेणेकरून वायरीवरून ओघळणारा थेंब त्या झोळातच गळून पडेल. अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी घरात आहे की नाही, याची वायरमनकडून खात्री करून घेण्यात दिरंगाई करू नये. लोखंडी रॅक, ओले हात आणि पावसाळा हे तिन्ही एकत्र असताना हा खर्च ऐच्छिक राहत नाही.

दिवे लावण्या-मालवण्यासाठी टायमर घ्यावाच, कारण माणसाचा नेम चुकतो आणि रोपांना अंधारही तितकाच लागतो. विशेषतः टोमॅटोची रोपे चोवीस तास उजेडात ठेवली तर पाने पिवळी पडतात. फिरत्या तबकडीचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि जितका वेळ वीज गेली तितका मागे पडतो. ज्या भागात वीज वारंवार जाते तेथे आत बॅटरी असलेला अंकी टायमर घेणे श्रेयस्कर.

दिवे कितीही चांगले असले तरी कोंदट हवा सारे फुकट घालवते. ऑगस्टच्या हवेत आधीच ओल असते, त्यात दाट पेरलेले रोप आणि वरून घातलेले पाणी, की जमिनीलगतचे खोड एका रात्रीत पाणचट होऊन रोप कोलमडते. ही मर एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यांत पसरण्यास एक-दोन दिवस पुरतात. त्यासाठी रॅकच्या एका बाजूला लहानसा पंखा मंद गतीने चालू ठेवावा, इतका मंद की पाने केवळ हलावीत. पाणी वरून न शिंपता परातीत ओतून ट्रेला खालून पिऊ द्यावे आणि अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाकावे. आणि ट्रेमध्ये भरलेल्या कोकोपीटचा वरचा थर हाताला कोरडा लागल्याखेरीज पुन्हा पाणी देऊ नये. कोकोपीटमध्ये पोषण जवळपास नसते, म्हणून खरी पाने फुटल्यावर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात पुरे.

न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा सारा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण तेथे हिमतुषाराचे भय मे महिना उजाडेपर्यंत सरत नाही आणि मिरची-वांग्याचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये तळघरातच रुजवावे लागते. तेथील ट्रेचे माप दहा बाय वीस इंच असल्यामुळे अठ्ठेचाळीस बाय अठरा इंचांचा तारेचा रॅक त्यांना सोयीचा पडतो. चार ट्रे आडवे बसतात आणि दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक इंच बाहेर येतात. मात्र फळी जाळीची असल्याने प्रत्येक ट्रेखाली परात ठेवणे अनिवार्य आहे, आणि पट्ट्या तेथूनच घ्याव्यात, कारण आपल्याकडच्या २२० ते २४० व्होल्टसाठी बनवलेल्या असतात व तेथील विद्युत्‌दाब १२० व्होल्टचा आहे.

रोपे पाच-सहा पानांवर आली की त्यांना मांडणीवर रेंगाळू देऊ नये. दहा-बारा हजार लक्सच्या सौम्य उजेडात वाढलेल्या पानाला ऑक्टोबरचे ऊन एकदम सोसत नाही. एका दुपारीत पानांवर पांढरे भाजल्याचे डाग उठतात. आठ-दहा दिवसांची सवय लावावी : पहिले दोन दिवस सकाळचे कोवळे ऊन तासभर, मग रोज थोडे अधिक, आणि या काळात पाणी किंचित कमी.

शेवटी एक विनंती. दोन ट्रेंच्या एका खणात १९६ रोपे तयार होतात, आणि कोणत्याही एका गॅलरीला इतक्या रोपांची आवश्यकता नाही. सोसायटीतील आठ-दहा कुटुंबांनी मिळून एकच मांडणी करावी, वर्गणी काढून दिवे व टायमर घ्यावेत, आणि ज्याच्या घरी कोरडी भिंत व अर्थिंगची सोय आहे त्याच्याकडे ती ऑगस्ट-सप्टेंबरपुरती उभी करावी. श्रावण लागण्यापूर्वी मापे घेऊन फळ्या कापायला टाकल्या, तर यंदाचा हंगाम हातचा जाणार नाही.